नळाचं पाणी आणि पालिकेचं दप्तर

पुण्याच्या कसबा पेठेतून निघून नव्या पुलावरून मुठा ओलांडली की समोरच महानगरपालिकेची इमारत लागते. पायी गेलं तरी फार तर पंधरा मिनिटांची वाट. पण कसब्यातल्या एखाद्या गृहस्थाला विचारा, "अहो, तुमच्या नळाचं पाणी तपासल्याचा कागद त्या इमारतीत असतो, तो तुम्ही कधी पाहिलात का?" वेड्याकडे पाहावं तसा तो तुमच्याकडे पाहील. कागद पालिकेचा, तो पाहणार साहेब, सांभाळणार कारकून. त्यात आपला काय संबंध? खेड्यात तर हा समज आणखी घट्ट. ग्रामपंचायतीचं कपाट म्हणजे जणू देवघरातला गाभारा, सोवळ्याशिवाय हात लावायचा नाही.

तर मंडळी, संबंध आहे, आणि तो कायद्यानं आहे. त्या कायद्याचा उपयोग आपल्या पाण्यासाठी, झाडांसाठी, नदीसाठी कसा करायचा, ते आज पाहू.

आधी पाण्याचंच घेऊ. २०२५ सालच्या जानेवारीत पुण्यात 'गियान-बारे' या आजाराची साथ उद्भवली. हातापायांतली ताकद जाते, काहींना श्वासही घेता येत नाही, असा हा आजार. सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी या भागात रुग्ण जास्त आढळले. पुणे आणि आसपास मिळून दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली, आणि बोट दाखवलं गेलं ते दूषित पाण्याकडे. तेव्हा एकदम सगळेजण विचारू लागले, की आमच्या पाण्यात क्लोरीन पडतं का? पडत असेल तर नळापर्यंत पोचताना त्यातलं किती उरतं? भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. हे शिल्लक क्लोरीन म्हणजे पाण्याबरोबर चालणारा पहारेकरी. तो वाटेतच संपला, तर पुढे फुटक्या नळातून शिरलेल्या घाणीला अडवायला कोणी नाही. कसब्यासारख्या जुन्या वस्तीत ही काळजी अधिक. तांबट आळी काय, कुंभारवाडा काय, गल्ल्या अरुंद. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि मैल्याचं गटार यांना जमिनीखाली एकमेकांपासून फार लांब जायला जागा कुठून मिळणार?

आता गंमत अशी की हे पाणी तपासलं जातं. नमुने घेतले जातात, प्रयोगशाळेत जातात, तिथे आकडे लिहिले जातात. म्हणजे साथ आल्यावर जो प्रश्न आपण घाबरून विचारतो, त्याचं उत्तर साथ येण्याच्या आधीच कुठल्या तरी फाईलीत लिहिलेलं असू शकतं. ते मागायचं एवढंच आपलं काम.

मागण्याचा हक्क देणारा कायदा म्हणजे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. १२ ऑक्टोबर २००५ पासून तो देशभर पूर्णपणे लागू झाला, आणि त्याच दिवशी या कायद्याखालचा पहिला अर्ज पडला तो पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात. त्याआधी महाराष्ट्रानं २००२ साली स्वतःचा कायदा केला होता. त्याच्यासाठी अण्णा हजारे यांनी २००३च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केलं, आणि मग त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. राजस्थानात तर मजुरांनी त्याच्याही आधी, १९९४ पासून, गावोगाव जनसुनावणी भरवून हजेरीपट वाचून दाखवायला लावले होते. हजेरीपटावर नाव आहे, अंगठा आहे, पण तो माणूस कधीच कामावर गेलेला नाही, असं भर सभेत निघे. इंग्रज सरकारनं १९२३ साली सरकारी गुपितांचा कायदा केला आणि स्वातंत्र्यानंतरही तो तसाच चालू राहिला. २००५च्या कायद्यात मात्र स्पष्ट लिहिलं आहे, की जिथे त्या कायद्याशी विरोध येईल तिथे हा नवा कायदा वरचढ ठरेल.

दूरच्या देशांचं म्हणाल, तर स्वीडननं सरकारी कागद पाहण्याचा हक्क १७६६ सालीच दिला. आपल्याकडे थोरल्या माधवराव पेशव्यांची कारकीर्द चालू होती तेव्हाची ही गोष्ट. पुढे १९९८ साली डेन्मार्कमधल्या आर्‌हुस या शहरी युरोपातल्या देशांनी एक करार केला. त्यात पर्यावरणाची माहिती मागणाऱ्याला 'तुझा यात काय संबंध' असं विचारायचं नाही, असं ठरलं. भारत त्या करारात नाही, पण आपल्या कायद्यात तीच गोष्ट आहे. माहिती कशासाठी हवी, हे अर्जदारानं सांगण्याची गरज नाही, आणि अधिकाऱ्यानं ते विचारायचंही नाही.

आता अर्जाकडे येऊ. अर्ज साध्या कागदावर लिहिता येतो. महाराष्ट्रात त्याला 'जोडपत्र अ' असा नमुना ठरवून दिला आहे. वर लिहायचं 'जन माहिती अधिकारी', पुढे खात्याचं नाव. साहेबांचं नाव माहीत असण्याचं कारण नाही. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवायचं, किंवा रोख भरून पावती घ्यायची. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही. मात्र दाखल्याची प्रत जोडायला विसरू नये. अर्ज एका विषयाचा असावा आणि साधारणपणे दीडशे शब्दांच्या आत बसावा, असा नियम महाराष्ट्रानं २०१२ साली केला. हा नियम करण्यामागे सरकारचा हेतू काहीही असो, मला तो शिक्षकांच्या सोयीचा वाटतो. मुद्देसूद लिहिण्याचा धडा वर्गात देतोच आपण, तो इथे लागू पडतो. अर्ज हातानं दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नये. लांबून पाठवायचा असेल तर स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपावी. पुढची सारी मुदत त्या तारखेवरून मोजली जाते.

पण खरी मेख आहे ती प्रश्न कसा विचारायचा यात. बहुतेक अर्ज इथेच फसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

समजा, कसब्यातल्या एका बाईंनी लिहिलं : 'आमच्याकडे गढूळ पाणी का येते? याला जबाबदार कोण? हे कधी सुधारणार?' प्रश्न रास्त आहेत. आपणही तेच विचारलं असतं. पण या अर्जाला उत्तर येईल ते असं : 'सदर बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही.' आणि कायद्याप्रमाणे ते उत्तर चूक म्हणता यायचं नाही. कारण कायदा देतो ती 'माहिती', म्हणजे कार्यालयाच्या दप्तरात आधीपासून असलेली गोष्ट. कागद, नोंदवही, आदेश, नकाशा, नमुना, संगणकातली नोंद, हे सारं त्यात आलं. अधिकाऱ्यानं बसून विचार करून कारणं शोधावीत आणि आपल्याला लिहून पाठवावीत, हे त्यात येत नाही. गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं २००८ साली हेच सांगितलं, की 'का' या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. सर्वोच्च न्यायालयानंही २०११ साली म्हटलं, की दप्तरात नाही ती माहिती नव्यानं तयार करून देण्याचं बंधन अधिकाऱ्यावर नाही.

मग बाईंनी काय करावं? 'का' सोडून द्यावा आणि त्या 'का'चं उत्तर ज्या कागदावर असेल तो कागद मागावा. म्हणजे असं : 'कसबा पेठेतील अमुक चौक ते अमुक चौक या भागातून १ जून २०२५ ते ३० सप्टेंबर २०२५ या काळात घेतलेल्या पिण्याच्या पाण्याच्या नमुन्यांचे तपासणी अहवाल, नमुना घेतल्याची जागा व तारीख यांसह, मिळावेत. तसेच त्याच काळात या भागातील गळती व दूषित पाणी यांबाबत आलेल्या तक्रारींच्या नोंदवहीची, आणि त्यांवर केलेल्या कार्यवाहीच्या नोंदींची साक्षांकित प्रत मिळावी.' संपला अर्ज. यात राग नाही, आरोप नाही, 'जनतेच्या जिवाशी खेळ' वगैरे काही नाही. पण बघा, तो कागद हाती आला की जूनच्या अमुक तारखेला पाण्यात क्लोरीन शून्य होतं की नव्हतं, तक्रार कधी आली, माणूस किती दिवसांनी गेला, हे सगळं पालिकेच्याच अक्षरात आपल्यापुढे येतं. मग 'का' हा प्रश्न वर्तमानपत्रात विचारा, सभेत विचारा, नगरसेवकाला विचारा. तेव्हा तो हवेतला राहत नाही.

काळ, जागा आणि कागदाचं नाव या तीन गोष्टी अर्जात पक्क्या असाव्यात. 'गेल्या वीस वर्षांतील सर्व माहिती' असं मागणारेही असतात. त्यांना बहुधा कागदाच्या थप्पीचा खर्च भरण्याचं पत्र येतं, पानाला दोन रुपयांप्रमाणे, आणि मग ते गप्प बसतात. काही जण तर कंत्राटदाराला धमकावून पैसे काढण्यासाठीच अर्ज करतात, हेही खोटं नाही. त्यांच्यामुळे सरळ अर्जदाराकडेही संशयानं पाहिलं जातं. आपण त्यांच्यातले नाही हे शब्दांनी सांगत बसू नये. नेमका अर्जच ते सांगतो.

कागदाची नक्कल न मागता तो जागेवर जाऊन पाहण्याचाही हक्क आहे. पहिल्या तासाला फी नाही, पुढे थोडकी आहे. पुष्कळदा हाच मार्ग चांगला, कारण कुठला कागद मागायचा हे फाईल उघडल्यावरच कळतं. पुणे महापालिकेनं या बाबतीत एक चांगला पायंडा पाडला होता. दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांनी यावं आणि दप्तर पाहावं. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारनं याच धर्तीवर जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना अशी वेळ राखून ठेवायला सांगितलं. अशी सवलत साहेबांच्या मर्जीप्रमाणे ढिली पडते, म्हणून जाण्याआधी चौकशी करून जावं. पण सोमवार असो वा नसो, अर्ज करून दप्तर पाहण्याचा हक्क कायद्यातला आहे, तो कोणाला काढून घेता येत नाही. एवढंच काय, रस्त्याचं काम चालू असेल तर त्यात वापरलेल्या मालाचा साक्षांकित नमुनासुद्धा मागता येतो. हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

काही गोष्टी तर अर्ज न करताच मिळायला हव्यात. कायद्याच्या चौथ्या कलमात सतरा प्रकारची माहिती प्रत्येक कार्यालयानं आपण होऊन जाहीर करावी असं म्हटलं आहे. शिवाय महापालिका कायद्याप्रमाणे दर वर्षी ३१ जुलैच्या आत आयुक्तांनी शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. हवा, पाणी, कचरा, आवाज, झाडं, नदीत जाणारं सांडपाणी, सगळं त्यात येतं. माध्यमिक शाळेतल्या शिक्षकांनी हा अहवाल एकदा तरी मिळवून वर्गात न्यावा. भूगोलाच्या पुस्तकातला पाठ आणि आपल्या पेठेतला आकडा शेजारी शेजारी ठेवले की मुलं आपोआप प्रश्न विचारू लागतात.

झाडांचा कायदा १९७५चा आहे. शहरात झाड तोडायचं तर वृक्ष अधिकाऱ्यानं वर्तमानपत्रात नोटीस द्यायची आणि त्या झाडावरही लावायची. हरकत घ्यायला लोकांना मुदत मिळते, पण ती दिवसांत मोजण्याइतकी लहान असते. माहितीच्या अर्जाची मुदत तीस दिवसांची. म्हणजे कागद हाती येईपर्यंत झाडाची मोळी झालेली असायची. म्हणून नोटीस दिसली की हरकतीचं पत्र आधी द्यावं, आणि मग परवानगीचा प्रस्ताव, पाहणीचा अहवाल, बदली झाडं कुठे लावणार त्याचा कागद, हे मागावं. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी झाडं बदली लावावी लागतात. तेव्हा झाडाचं वय काय लिहिलं आहे, तो रकाना आधी पाहावा.

आणि नदी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मुठेचं पाणी कसब्यात शिरलं. ते ज्यांनी पाहिलं त्यांना नदीचा धाक कोणी शिकवायला नको. आज नदीकाठावर दोन रेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. यात एक घोटाळा होतो. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ एकदा येऊन गेला की नव्व्याण्णव वर्षं निवांत, असा नाही. दर वर्षी शंभरात एक इतका संभव, असा त्याचा अर्थ. निळ्या रेषेचा तर दर वर्षी शंभरात चार. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत मुठेचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा या रेषा पुन्हा सर्वांच्या तोंडी आल्या. आपलं घर, आपली शाळा कुठल्या रेषेच्या आत आहे, हे दाखवणारा नकाशा मागता येतो. घर घेण्याआधी मागितला तर फारच उत्तम.

पण हा नकाशा कोणाकडे मागायचा? रेषा आखते जलसंपदा खातं, त्या विकास आराखड्यावर दाखवते महापालिका. हा गोंधळ नेहमीचा आहे. गणपतीतल्या आवाजाची मोजणी हवी तर प्रदूषण नियंत्रण मंडळ; वाड्याची मिळकत पत्रिका हवी तर नगर भूमापन कार्यालय; कसब्याच्या पोटातून गेलेल्या मेट्रोचे कागद हवेत तर मेट्रोची कंपनी; आणि धोकादायक वाड्यांना दिलेल्या नोटिसा हव्यात तर पालिका. अर्ज चुकीच्या दारी गेला म्हणून मात्र तो परत करता येत नाही. पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवून तसं आपल्याला कळवणं, हे त्या अधिकाऱ्याचं काम आहे.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर? तर त्यानंतर माहिती फुकट द्यावी लागते, आणि आपल्याला वीस रुपयांच्या तिकिटानं त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. त्यावर तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय व्हावा. तिथेही दाद लागली नाही, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. पुण्यात आयोगाचं खंडपीठ आहे. आयोगाला दिवसाला अडीचशे रुपयांप्रमाणे, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपयांपर्यंत, अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून दंड लावता येतो. ऐकायला हे भरभक्कम वाटतं. प्रत्यक्षात आयोगापुढे हजारो अपिलं तुंबून राहत आली आहेत, आणि दोन-दोन वर्षं वाट पाहून मिळालेला पाण्याचा अहवाल काय कामाचा? म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जावं. निम्मी प्रकरणं समोरासमोर बसल्यावरच सुटण्यासारखी असतात.

'फाईल सापडत नाही' हे उत्तर फार लोकप्रिय आहे. माहिती नाकारण्याची कारणं कायद्यात लिहिलेली आहेत, त्यांत हे कारण नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांचा वेगळा कायदा २००५चा आहे, आणि दप्तर नियमाबाहेर नष्ट करणाऱ्याला त्यात शिक्षा आहे. तेव्हा शोधल्याचा लेखी अहवाल मागावा. तो लिहायची वेळ आली की फाईल पुष्कळदा सापडते.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. हा मार्ग नेहमीच निर्धोक असतो असं नाही. तळेगाव दाभाडे इथले सतीश शेट्टी हे जमिनींचे गैरव्यवहार माहितीच्या अर्जांनी उघडकीला आणत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असता त्यांचा खून झाला. पाण्याच्या अहवालासाठी अशी वेळ सहसा येत नाही. पण जिथे मोठे पैसे गुंतले आहेत तिथे एकट्यानं पुढे होऊ नये. अर्ज नागरिकानं स्वतःच्या नावानं करायचा असतो हे खरं, तरी एकाच कागदासाठी पाच-दहा जणांना आपापल्या नावानं अर्ज करायला कोणी अडवलेलं नाही.

आणि आता खेड्याकडे. तिथे कायदा हाच, फी हीच. ग्रामपंचायतीत गावचा पंचायत अधिकारी, ज्याला आपण आजवर ग्रामसेवक म्हणत आलो, तोच बहुधा जन माहिती अधिकारी असतो. रोज चावडीपाशी भेटणाऱ्या माणसाला अर्ज द्यायचा म्हणजे जरा अवघड वाटतं. त्यानंही मनाला लावून घेऊ नये. आधी तोंडी विचारावं, कपाट उघडून कागद दाखवला तर अर्जाची गरजच काय? नाहीतर अर्ज. गावाची लोकजैवविविधता नोंदवही मागून पाहावी. २००२च्या कायद्याप्रमाणे ती गावोगाव व्हायची होती. आपल्या गावची झाडं, पाखरं, जुनी बियाणी तिच्यात खरोखर गावात फिरून लिहिली आहेत की शेजारच्या गावावरून उतरवली आहेत, हे शाळेतली मुलंसुद्धा एका दुपारी सांगतील. आणि पाण्याच्या बाबतीत तर एकच प्रश्न पुरे. आरोग्य खातं पिण्याच्या पाण्याच्या व्यवस्थेची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतं. धोका जास्त तिथे लाल, मध्यम तिथे पिवळं. आपल्या गावाला शेवटचं कार्ड कोणत्या रंगाचं मिळालं, कोणत्या तारखेला मिळालं, आणि पाहणीत कोणते दोष लिहिले होते, त्या अहवालाची प्रत पावसाळा सुरू होण्याच्या आधी मागावी. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला, तर तीस दिवसांनी जून उजाडतो आणि विहिरीत नवं पाणी उतरायच्या आत कागद हाती असतो.